देवळाची लाईन

सन दोन हजार तेरा. दुष्काळाचं साल होतं आणि होळी नुकतीच होऊन गेली होती. कोरेवाडीत भर दुपारी टँकर आला तसं अख्खं गाव हंडे-कळशा घेऊन चावडीपुढं धावलं. मी माझी कळशी रांगेत ठेवून लिंबाखाली उभी होते. पुढं मालन सुतार होती. तिचा हंडा निम्मा भरला असेल नसेल, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, सुतारांच्या आळीतून धूर निघतोय.

मालननं हंडा तसाच टाकला. त्या साली भरता हंडा कुणी टाकत नव्हतं. धूर कुणाच्या घरचा आहे हे तिनं वळून बघायच्या आधीच ओळखलं होतं.

आम्ही पोचलो तर तिचा गोठा पेटलेला. वर पाचटाचं छप्पर, कडेला कडब्याची गंज, त्यात वारा सुटलेला. आत म्हैस ओरडत होती. गाभण म्हैस होती. मालन आत घुसायला लागली, तशी मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी सोडलं नाही. छप्पर खाली बसलं, ओरडणं थांबलं, आणि मगच मालनचे दात सैल झाले. तो व्रण अजून आहे. भांडी घासताना दिसतो.

आग विझल्यावर बघितलं, तर गोठ्याच्या दाराला बाहेरून तारेचा पीळ घातलेला होता.

संध्याकाळी उत्तम पिसाळ समाचाराला आला. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला बुक्का. जळक्या गोठ्यापुढं बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, "मालन, कडब्याजवळ चूल पेटवू नये गं बाई. आज म्हैस गेली."

'आज' हा शब्द तो सावकाश बोलला.

हवालदार आला त्यानं विचारलं, कुणी काय बघितलं का. कोण बघणार? गाव सगळं टँकरला. पेटवणाऱ्यानं वेळ बरोबर निवडली होती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच माघात आम्ही बायकांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली होती. दारूचं दुकान उत्तमचं. मालनचा नवरा त्याच दुकानातून निघून विहिरीत पडला होता, आणि मतदानाच्या आधी महिनाभर दारोदार फिरली ती मालनच. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. मला भ्यायला फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून मी तिच्याबरोबर फिरले. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी उत्तम आम्हाला काहीच बोलला नाही. मालननं तेव्हाच मला म्हटलं होतं, "अक्का, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

गोठा जळाल्यावर बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, की गावात कॅमेरे बसवायचे. एक देवळापुढच्या लिंबावर, एक चावडीवर, एक वेशीला, एक सुतारांच्या आळीत, आणि एक उत्तमच्या बंद दुकानासमोर. गावातले पुरुष हसले. आता बायकांचा सिनेमा निघणार, असं उत्तम पारावर म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं.

कॅमेरे लावायला फिरोज मुलाणी आला. तालुक्याच्या गावी त्याचं दुकान. त्याची आई माझ्याबरोबर अंगणवाडीत होती, म्हणून तो मला मावशी म्हणे. मोठा बोलघेवडा. माझ्या ओसरीवर मांडी घालून बसला, चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "मावशी, कॅमेरे कुठलेबी घ्या. त्यांना खायला कोण घालणार ते आधी ठरवा."

आम्हाला वाटलं होतं, कॅमेरा लावला की झालं. मालन म्हणाली, जवळच्या घरातून पिन लावू. हरेक कॅमेऱ्याला एकेक घर.

"म्हंजे पाच घरं," फिरोज म्हणाला. "पिसाळ एका घरी जाऊन बसला आन् च्या पिऊन उठला, की त्या घरची पिन निघाली."

"च्या कशाला? नुसता दारात खाकरला तरी निघंल," मालन म्हणाली. आग लागल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

मग एकीनं विचारलं, बाजारात एकच लहान अडॅप्टर मिळतो, त्याला फाटे फोडून पाचही जोडता येतात, ते का नको? फिरोजनं कानाला हात लावला. एका बैलाला पाच नांगर जुंपल्यासारखं ते, म्हणाला. तापतं, वितळतं, आणि माळवदाला आग लागली तर पिसाळाला काडी ओढायचीसुद्धा गरज नाही. 

त्यानं पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, पुढं जाळी. त्या डब्यात वीज एकीकडून येते आणि पाच तोंडांनी बाहेर जाते, आणि प्रत्येक तोंडाला आपापला फ्यूज. एक कॅमेरा कुणी फोडला, वायरी एकमेकींना चिकटल्या, तर तेवढाच फ्यूज उडतो. बाकीचे चार बघत राहतात. मात्र डबा गावाच्या मध्यावर हवा, कारण लांबच्या वायरीत करंट दमतो आणि टोकाचा कॅमेरा आंधळा होतो.

चित्रं साठवायचं यंत्र माझ्या घरी ठेवायचं ठरलं. मुलानं मला इन्व्हर्टर बसवून दिला होता, आणि माळ्यावर कणगीमागं ते कुणाला दिसलं नसतं. ते मी, मालन आणि फिरोज एवढ्यांनाच ठाऊक होतं. डबा मात्र लपणारा नव्हता. तिथून पाच दिशांना वायरी जाणार. मी म्हटलं, तोही माझ्याच घरी ठेवू.

"न्हाई अक्का," मालन म्हणाली. "डबा जिथं, दगड तिथं. तू एकली राहतीस."

"मग कुठं?"

तिनं ओसरीवरून समोर बोट दाखवलं. माझ्या घरासमोरच भैरोबाचं देऊळ. "देवडीत. देवळाच्या लाईनीला हात लावायची छाती कुणाची हाय?"

ऐकल्याबरोबर सगळ्यांना पटलं. देऊळ गावाच्या मध्यावर. शिवाय देवळाची लाईन पाणीपुरवठ्याच्या लाईनीवर होती, तिथं लोडशेडिंग नसे. देवडी म्हणजे दरवाजाशेजारची गुरवाची खोली, तिथंच देवळाच्या विजेचा मुख्य दांडा. आम्ही दत्तू गुरवाकडं गेलो. हा दत्तू पावलाचा आवाज न करता चालणारा माणूस. दोन मुली लग्नाच्या होत्या आणि जगणं सगळं गुरवकीवर, त्यामुळे गावात कुणाशी वाकडं बोलत नसे. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. देवाला कौल लावला. फूल उजवीकडं पडलं तेव्हा सुटल्यासारखा श्वास सोडला.

फिरोज डब्याबरोबर बॅटरीही आणणार होता. तिला मात्र दत्तूनं अडवलं. बॅटरीतलं तेजाब देवाच्या उंबऱ्याआत चालणार नाही, म्हणाला. फिरोजनं दोनदा समजावून बघितलं. शेवटी त्यानं आम्हा सगळ्यांना विचारलं, "हितली लाईट कधी जातीच न्हाई ना?"

"न्हाई," मालन म्हणाली.

"कधीच न्हाई," मी म्हटलं. दत्तूनंही मान हलवली. त्यात कुणी खोटं बोललं नाही. आम्हाला तसंच वाटत होतं.

कॅमेरे लागले. अंधार पडू लागला की प्रत्येकाच्या तोंडावर बारीक तांबडा उजेड दिसायचा, विडी ओढल्यासारखा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानासमोरच्या कॅमेऱ्यावर मागून दगड बसला. काच फुटली, वायर लोंबकळली. त्याचा फ्यूज उडाला, आणि बाकीचे चार बघत राहिले, फिरोज म्हणाला होता तसेच. चावडीवरच्या कॅमेऱ्यात उत्तमचा पुतण्या रणजित गोफण गुंडाळत जाताना दिसला. हवालदारानं त्याला बोलावून दम दिला.

फिरोज नवा कॅमेरा घेऊन येत होता तेव्हा ओढ्याच्या पुलावर त्याला तिघांनी अडवलं. तोंडं बांधलेली. त्यांनी त्याला मारलं ते मारलंच, पण पुढं काय केलं ते त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. उजवा हात पुलाच्या कठड्यावर पसरून धरला आणि दगडानं बोटं ठेचली. एकेक करून. मारताना एकजण म्हणत होता, हा एक फ्यूज, हा दुसरा फ्यूज.

आठवड्यानं तो प्लास्टर घालून गावात हजर. मालननं त्याला हात जोडून सांगितलं, की बाबा आता पुरे, तुझी बायको आम्हाला शिव्या देत असेल. तो शिडीवर चढला आणि डाव्या हातानं स्क्रू पिळत म्हणाला, "देतीय की. चौथी वायर सैल हाय, तेवढी आवळून जातो."

आणि मग चैत्रातली जत्रा आली.

आमच्या भैरोबाची पालखी दिवेलागणीला निघते. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात वीज नव्हती. पालखी मशालीच्या उजेडात निघायची, करडईच्या तेलाचा वास गल्लीभर पसरायचा, आणि त्या हलत्या उजेडात देवाचा मुखवटा डोळे मिटतोय-उघडतोय असं वाटायचं. मशालीचा मान पिसाळांच्या घराण्याचा. तेव्हा उत्तमचा आजा मशाल धरायचा. औंदा उत्तम धरणार होता. बाटली आडवी झाली म्हणून मान थोडाच जातो?

त्या सकाळी उत्तम नारळ घेऊन दत्तूकडं येऊन गेला. दत्तूनं मला दुपारी सांगितलं. सांगताना खूष होता. उत्तमराव म्हणाले, गावात पाप वाढलंय, औंदा तरी देवाचा नेम नीट पाळ. पालखी वेशीला पोचेस्तवर घाई करू नको. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट मनात आलं, बरं झालं, माणूस देवाला तरी मानतो.

सूर्य बुडाला. पायऱ्यांवर आरत्या घेतलेल्या बायकांची रांग लागली. मालन मधल्या पायरीवर, नवं हिरवं लुगडं नेसून. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी देवडीच्या कट्ट्यावर बसले होते. फिरोजही आला होता, प्लास्टरचा हात गळ्यात बांधून, समोर लिंबाखाली उभा. पालखी उचलली. ढोल सुरू झाले, गुलाल उडाला. दत्तू माझ्या बाजूनं देवडीत शिरला आणि त्यानं देवळाची लाईट घालवली.

दरवर्षीच घालवतो. गावात वीज आली त्या वर्षी म्हाताऱ्यांनी ठरवलं, देवाला मशालीची सवय आहे, तो बल्बच्या उजेडात बाहेर पडणार नाही. तेव्हापासून पालखी उचलली की गुरवानं दांडा ओढायचा, पालखी वेशीला पोचली की परत लावायचा. त्याला आम्ही कधी लाईट जाणं म्हटलंच नाही. देव निघाला म्हणायचो.

समोर लिंबावरचा तांबडा ठिपका विझलेला मला दिसला.

मी चावडीकडं बघितलं. तिथलाही विझला होता. डबा त्याच दांड्यावर चालत होता. मी उभी राहून मालनला हाक मारली, पण ढोलापुढं माझं मलाच ऐकू आलं नाही.

उत्तम मशाल घेऊन बायकांच्या रांगेवरून चालत आला. पालखी त्याच्या पाठीमागं दहा-वीस हातांवर होती. तो मालनपुढं थांबला. मशालीच्या उजेडात तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला, गुलालानं माखलेला. ती त्याच्याकडं न बघता देवाकडं बघत होती. पायरीशेजारी पालखीच्या भोयांचे पाय धुवायला पाण्याची काहील भरून ठेवली होती. उत्तमनं मशाल उलटी केली आणि त्या काहिलीत बुडवली.

चर्र झालं. बाकी गावात लोडशेडिंग होतंच, काही दिसेनासं झालं.

आमचा उसाचा मुलूख. कोयता उसात बसतो तो आवाज इथं लहान पोरालाही कळतो. अंधारात ढोल क्षणभर अडखळले, आणि मला तो आवाज आला. मालन ओरडली. ढोलवाल्यांना वाटलं, कुणाच्या अंगात आलं; त्यांनी ढोल अजून जोरात घुमवले.

मी भिंत चाचपत देवडीच्या दारात गेले. भिंतीआड ढोल दबले होते; आत दत्तूचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

"दत्तू, लाईट."

"पालखी वेशीला गेली न्हाई अक्का."

"दत्तू, मालनला मारत्यात."

बाहेर ती पुन्हा ओरडली. ह्या खेपेला तिनं माझं नाव घेतलं.

लाईट आली.

मी वळून बघितलं. मालन पायरीवर गुडघ्यांवर होती. उत्तमच्या एका हातात तिचे केस, दुसऱ्या हातात धूर ओकणारी ओली मशाल. रणजितचा कोयता वर गेलेला. तिचा खांदा आधीच उघडा पडला होता. उजेड पडला तसा रणजितनं एकदा दिव्यांकडं बघितलं, सगळ्या गावाकडं बघितलं, आणि तरी हात खाली आणला. मालननं डावा हात आडवा घातला. बोटं पायरीवर पडली. गुलालात ती कुठली हे आधी कळलंच नाही.

ढोल थांबले. एवढी माणसं, पण कुणी हललं नाही. फिरोज हलला. लिंबाखालून धावत आला आणि त्यानं गळ्यातला प्लास्टरचा हात काढून रणजितच्या तोंडावर हाणला. प्लास्टर फुटलं, दातही फुटले. दोघं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. कोयता काहिलीत पडला. मग बायकांनी आरत्या टाकल्या आणि पितळेची ताटं काठांनी धरली. उत्तमला मी पडताना बघितलं, त्याच्या अंगावर ताटं वाजताना ऐकली, आणि मला सोडवावंसं वाटलं नाही. पालखीवाल्यांनी घाबरून पालखी खाली टेकवली होती. माझ्या आठवणीत भैरोबा जमिनीवर टेकला तो तेवढ्या एकाच वेळी.

मी मालनचं डोकं मांडीवर घेतलं. पदर फाडून तिचा हात आवळला. ती शुद्धीवर होती. "उजवा हाय ना?" तिनं विचारलं. मी आहे म्हटलं.

तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, पिसाळांना पोलिसांनी नेलं, आणि तिसऱ्या दिवशी गाव देवळात बसलं. मला वाटलं, मालनविषयी काही बोलतील. पण पहिलाच सवाल निघाला, की पालखी वेशीला जायच्या आधी लाईट कुणी लावली? देव उजेडात अडकला, जमिनीवर टेकला. आधीच पाऊस नाही, आता गावाचं काय होणार? लावणारा गुरव असेल तर त्याची गुरवकी काढून घ्यावी, असं दत्तूच्याच भाऊबंदांनी सांगितलं. दत्तू खांबाला टेकून उभा होता. त्याच्या दोन्ही मुली दाराशी उभ्या होत्या.

मी म्हटलं, "मी लावली."

माझं कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. लाईट आली तेव्हा लोकांनी मला देवडीच्या दारात बघितलं होतं. मला कुणी काही केलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. हळदीकुंकू बंद, लग्नाच्या अक्षता बंद. टँकरला माझी कळशी रांगेतून मागं सरकवली जायची. पुढं पावसाळा बरा झाला, तरी नाही बोलले.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. माळ्यावरच्या यंत्रात सगळं साठलं होतं. आधी पालखी उचलतानाचं चित्र, मग पडद्यावरचे पाचही चौकोन काळे, मग एकदम उजेड, उत्तमच्या मुठीतले केस, आणि रणजितचा तो शेवटचा घाव. पिसाळांच्या वकिलानं तिथंच पकडलं. मध्ये चित्र तुटलंय, म्हणाला, म्हणजे कुणीतरी कापून जोडलंय. सरकारी वकील बाई होत्या. त्यांनी आम्हाला समजावलं, की वीज कुणी घालवली आणि कुणी परत लावली, हे त्या माणसानंच उभं राहून सांगावं लागेल. नाहीतर चित्रावर कोर्ट भरवसा ठेवणार नाही, उजेडातला घाव बघितलेलं गाव साक्षीला येत नाही, आणि अंधारात कुणी मारलं ते कुणी बघितलेलं नाही. घालवली ती दत्तूनं, हे उघडच होतं. लावली ती मी, असं मी त्यांना सांगितलं. गावाला सांगितलेलं तेच.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी आणि मालन बाकावर बसलो होतो. दत्तू आला. धुतलेलं धोतर, टोपी हातात. माझ्यापुढं उभा राहून खाली बघत म्हणाला, "अक्का, त्या दांड्याला एक कडी हाय. ती दाबल्याबिगर दांडा हलत न्हाई. कुठल्या बाजूला हाय?"

मी त्या दांड्याला आयुष्यात हात लावला नव्हता.

"वकील हेच विचारंल," दत्तू म्हणाला. "मग समदंच खोटं पडंल. तुमचं, मालनचं, कॅमेऱ्याचं."

मालन माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिलाही तोवर ठाऊक नव्हतं.

"थोरलीचं लगीन झालं, धाकटीचं ठरलंय," तो म्हणाला. "दोन वर्सं तुम्ही वढलंत. पुरं आता."

मी त्याला म्हटलं, तुझे भाऊबंद बाहेरच उभे आहेत, ऐकतील. तो म्हणाला, ऐकू द्या.

आत त्यानं सगळं सांगितलं. कडी उजव्या बाजूला होती. पिसाळांचा वकील हुशार होता. त्यानं विचारलं, ज्या माणसानं देवाचा नेम मोडला, त्यानं देवाची शपथ घेऊन खरं सांगितलं, हे आम्ही कसं मानायचं?

दत्तू म्हणाला, "दोन वर्सं झाली सायेब. देवानं अजून मला काय केलं न्हाई."

जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

रणजितला दहा वर्षं झाली, उत्तमला सात. रणजित सुटल्यावर गावात आलाच नाही. कर्नाटकात कुठं ट्रक चालवतो म्हणतात. उत्तम शिक्षा भोगून आला, आणि वर्षभरात अर्धांग झालं. दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. मी जाताना अक्का म्हणतो. मी थांबत नाही, पण ओ देते. मशालीचा मान आता त्याच्या चुलतभावाकडं आहे.

फिरोजची तीन बोटं वाकडीच राहिली. दुकान दुमजली झालंय. नव्या गिऱ्हाइकाला तो आधी विचारतो म्हणे, तुमच्यात लाईट जाती ते सांगू नका, तुम्ही स्वतः कधी घालवता ते सांगा.

दत्तूची गुरवकी त्याच महिन्यात गेली. धाकटीचं ठरलेलं लग्न मात्र मोडलं नाही. अक्षता टाकायला गावातून मी आणि मालन, दोघीच होतो. नंतर तो तालुक्याला महादेवाच्या दारात बेल आणि पत्रावळी विकायला बसायचा. मी बाजारला गेले की त्याच्याजवळ टेकायची. करोनाच्या पहिल्या साली गेला. त्याला पोचवायला कुणालाच जाता आलं नाही.

माझ्याशी गाव कधी बोलायला लागलं, ते नेमकं सांगता येत नाही. एक नवी सून पोटदुखीचं बाळ घेऊन अंगणात आली, मग दुसरी आली.

मालननं पिठाची गिरणी घातली. डाव्या हाताला अंगठा तेवढा आहे. पोतं उचलताना तो पोत्याच्या कानात अडकवते.

पत्र्याचा डबा आता माझ्या घरी आहे, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, बॅटरीसकट. माझ्या देवांना तेजाबाचं वावडं नाही. तो बारीक गुणगुणत असतो. सुरुवातीला झोप येत नव्हती, आता तो थांबला तर जाग येईल.

जत्रा अजून तशीच भरते. नेमही तोच आहे. पालखी उचलली की नवा गुरव देवडीच्या दारात येतो. दत्तूच्या भावकीतलाच तो, गुरवकी काढून घ्या म्हणणाऱ्यांतला. दांड्याला हात घालायच्या आधी तो माझ्या ओसरीकडं वळून विचारतो, "अक्का, घालवू का?"

कुणी त्याला असं करायला सांगितलेलं नाही. मी आत फळीकडं बघते. मग लिंबावर, चावडीवर, वेशीला तांबडा ठिपका बघते. पायरीवर मालन उजव्या हातात ताट धरून उभी असते, तीही बघत असते.

"घालव," मी म्हणते.